इमल्यातलं कुंकू

संक्रांतीच्या आठवडाभर आधी आमच्या वारज्याच्या सोसायटीत एक कार्ड फिरलं. वर महापालिकेची निवडणूक लढवू पाहणाऱ्या एका ताईंचा हात जोडलेला फोटो, मध्ये तिळगुळाची वाटी, आणि खाली ठळक अक्षरांत ओळ: 'यंदा विधवा भगिनींनाही सन्मानाचं हळदीकुंकू.' महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई कार्ड घेऊन स्वतः माझ्या दारात आल्या. एरवी त्या माझ्याकडे वर्गणीलासुद्धा वॉचमनला पाठवतात.

"काकू, तुम्ही यायचंच. स्टेजवर पहिला मान तुमचा."

"अहो, नवरा होता तेव्हाही मी कुंकू लावत नव्हते," मी म्हटलं. "आता तो गेल्यावर सुरू केलं तर त्याला वाटेल, हिला आनंद झाला."

बाई हसल्या, पण अर्ध्यातच थांबल्या. मी कार्ड उलटं करून पाहिलं. मागे दोन प्रायोजकांची नावं होती, एक बिल्डर आणि एक दाताचा डॉक्टर. माझ्या कपाळात या दोघांना काय रस असावा, हे मला कळेना. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं आणि दार लावून घेतलं. पुण्यात दार लावून घेणं हे उत्तर समजलं जातं, त्यामुळे बाईंनी वाईट वाटून घेतलं नाही.

आता, विधवेला कुंकू लावावं हे मला पटतं की नाही? पटतं. पन्नास वर्षं पटतंय. माझा संशय कुंकवावर नाही. ते लावायला जो हात पुढे येतो त्याच्या मागे उभं राहून फोटो कोण काढतं, हे मी आधी बघते. ही सवय मला सुखासुखी लागलेली नाही.

मी बावीस वर्षांची असताना शनिवार पेठेत एका छापखान्याच्या माळ्यावर आमचा मार्क्सवादी अभ्यासवर्ग भरायचा. रविवारी सकाळी इतर माणसं जरा उशिरापर्यंत झोपायची, तेव्हा आम्ही बारा-चौदा जण जगाचा पाया तपासत बसायचो. समाजाचा पाया म्हणजे जमीन, कारखाने, कामधंदा आणि ते कुणाच्या हातात आहे ते. त्यावर उभा असतो तो इमला, म्हणजे धर्म, रूढी, कायदा, कला. पाया बदला, इमला आपोआप बदलेल. हे मी इतक्या ठसक्यात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, पाया मीच खणून पाहिलाय. प्रत्यक्षात मी तोवर तुळशीची कुंडीसुद्धा उकरलेली नव्हती. चष्म्याचा नंबर नसताना मी जाड काड्यांची फ्रेम साध्या काचा बसवून घेतली होती, कारण वर्गातल्या सगळ्या विचारी माणसांना चष्मा होता. वाचताना मी ती काढून ठेवायची.

कुंकू इमल्यात येतं, असं आमचं ठरलं होतं. म्हणजे क्रांतीनंतर सवाष्णींचं आपोआप पुसलं जाणार, की विधवांना आपोआप लागणार? या मुद्द्यावर दोन बैठका झाल्या. निर्णय झाला नाही, कारण दुसऱ्या बैठकीत चहा संपला.

चहाबरोबर डबेही यायचे. ते एक मावशी करायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. सकाळी दोन घरी सोवळ्यातला स्वयंपाक, मग आमचे डबे. श्रमिकांवर आम्ही तिथे तासन् तास बोलायचो, पण खरा श्रमिक म्हणावा असा एकच माणूस तो जिना चढायचा, आणि तोही डबे टेकवून लगेच खाली उतरायचा.

मग आमच्यातल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की रूढीविरुद्ध एक जाहीर कार्यक्रम करावा. स्टेजवर एका विधवा कष्टकरी स्त्रीला कुंकू लावायचं. असं कोण मिळणार? मी हात वर केला. हात वर करण्यात मी तेव्हा फार चपळ होते.

मावशी म्हणाल्या, "नको गं. घरं जातील माझी."

मी त्यांना म्हटलं, "मावशी, हे तुम्ही बोलत नाही आहात. ही तुमची खोटी जाणीव बोलतेय."

तापात बरळणाऱ्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कपाळाला हात लावून पाहिला की काय, इतकं ते बघणं मायेचं होतं. तरी त्या आल्या. मला तेव्हा वाटलं, मी त्यांना जागं केलं. आज वाटतं, पोरगी एवढी मागे लागलीय तर तिचं मन कशाला मोडा, एवढाच विचार असणार.

कुंकू मीच लावलं. लावताना मी कॅमेऱ्याकडे जरा वळले आणि फोटोत त्यांचा चेहरा नीट यावा म्हणून दुसऱ्या हातानं त्यांची हनुवटी धरली. आमच्या चार पानी पत्रिकेत तो फोटो पहिल्या पानावर छापला. खाली 'बेड्या तुटल्या'. एरवी ती पत्रिका आमच्याशिवाय कुणी वाचत नसे. नेमका तो अंक मावशींच्या स्वयंपाकाच्या एका घरातल्या मुलानं घरी नेला. आठवडाभरात दोन्ही सोवळ्याची घरं गेली. मावशी लोणी काळभोरला बहिणीकडे निघून गेल्या. जाताना आमचे धुतलेले डबे जिन्याच्या पहिल्या पायरीवर ओळीनं लावून गेल्या.

आमच्यात महिन्यातून एकदा आत्मटीका असायची. म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून आपापल्या चुका सांगायच्या. मी चार पानं लिहून काढली. त्यात 'निम्न-मध्यमवर्गीय उतावळेपणा' हा शब्दप्रयोग तीनदा आला होता. सगळ्यांनी वाखाणलं. एकानं प्रत मागून घेतली. त्या चार पानांतली एक ओळसुद्धा लोणी काळभोरला गेली नाही. आणि पुढच्या रविवारपासून आम्ही दुसऱ्या बाईंकडून डबे घ्यायला लागलो.

तेव्हापासून माझी नजर अशी तिरकी झाली आहे.

तर, अध्यक्षीणबाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पोळ्यांच्या बाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "आजी, मले भी बलावलं."

ही बाई यवतमाळकडची. नवरा इथे एका कारखान्यात होता, तो जाऊन पाच वर्षं झाली. आमच्या सोसायटीत आमच्याशिवाय तिची सहा घरं आहेत आणि सहाही घरं अध्यक्षीणबाईंच्या शब्दावर मिळालेली.

"कुठे बोलावलं? प्रेक्षकांत?"

"नाही. स्टेजवर. तुमी नाही म्हटलं न, तर आता पयला मान माहा."

म्हणजे माझं दार लावणं थेट हिच्या कपाळावर जाऊन आपटलं होतं. मी खुर्ची ओढून ओट्याजवळ बसले.

"मग? जायचंय तुला?"

तिनं पोळी उलटली. "जायाचं म्हणाल तर जायाचं नाही. पोरीची सोयरीक जुळून राहिली गावाकडं. पोराची माय लय कडक. ते लोक दिवसभर मोबाइलच पायतात. विहीण पुण्यात स्टेजवर कुंकू लावून घेऊन राहिली असं दिसलं, तर संपलं. आन् नाही म्हणाव, तर घरं इथली."

"ताप आलाय सांग."

"ताप यंदा दोनदा सांगून झाला, आजी."

तिची अडचण एवढीच होती, आणि पुरेशी होती. हो म्हटलं तर लेकीचं लग्न, नाही म्हटलं तर सहा घरं. मला पन्नास वर्षांपूर्वीचा जिना आठवला आणि मी अगदी ठाम आवाजात म्हणाले, "जायचं नाही. मी बोलते अध्यक्षीणबाईंशी."

"तुमी नोका बोलू," ती घाईनं म्हणाली. "तुमी बोलल्या की भांडण होते."

इतक्यात माझी नात दात घासत स्वयंपाकघरात आली. ती विद्यापीठात संस्कृती-अभ्यास नावाचा विषय शिकते. तिच्या प्रबंधाचा विषय शहरातलं निवडणुकीच्या मोसमातलं हळदीकुंकू. यात अभ्यासण्यासारखं काय आहे, असं माझ्या मुलानं विचारलं होतं, त्यावर तिनं त्याला धुरीणत्व समजावलं. म्हणजे लोकांवर राज्य नुसत्या काठीनं होत नाही. लोकांनी ते आपणहून मान्य करावं लागतं, आणि ही मान्यता मिळते सणात, गाण्यात, वाणाच्या डब्यात. मुलगा 'हं' म्हणून ऑफिसला गेला. मला मात्र ते पटलं, आणि पटलं म्हणून थोडा रागही आला. आमच्या वर्गात सगळं पायात होतं. हिच्या वर्गात सगळं इमल्यात आहे. पायातून इमल्यात जायचा जिना मात्र दोघींनाही सापडलेला नाही.

नातीनं चूळ भरली आणि म्हणाली, "आजी, जायचं की नाही ते तिला ठरवू दे ना. तू परस्पर 'नाही' म्हणतेस, म्हणजे तू पण तिच्यावर सत्ताच गाजवतेस."

"बरोबर. आणि तुला ती गेलेली हवीय."

"मला काय करायचंय?"

"तुझं तिसरं प्रकरण स्टेजवर आहे. ती गेली नाही तर तू कुणावर लिहिणार, दाताच्या डॉक्टरवर?"

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माझ्याही व्हायच्या. पोळ्यांच्या बाई आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "दोघी बी बाजूले व्हा बाप्पा, तवा तापला."

बाईनं शेवटी अध्यक्षीणबाईंना 'येते' म्हणून सांगितलं, म्हणून कार्यक्रमाला मीही गेले. गुडघ्याला मी 'जरा बरं आहे' असं सांगून टाकलं. शाळेचं मैदान, मांडव, भिंतीएवढा पडदा, आणि काठीवर चढवलेला एक कॅमेरा बायकांच्या डोक्यांवरून फिरत होता. संगीत खुर्ची झाली, उखाणे झाले. वाण म्हणून स्टीलचा डबा होता आणि त्याच्या झाकणावर ताईंचा फोटो, म्हणजे रोज डाळ काढताना आधी ताईंना बाजूला ठेवायचं. नात माझ्या शेजारी वही घेऊन भराभर लिहीत होती आणि मधूनच मोबाइल उंच धरत होती. मी कॅमेरे मोजले. तिचा धरून पाच.

पहिल्या रांगेत मऊ राखाडी रेशमी लुगड्यातल्या एक वयस्कर बाई बसल्या होत्या. येणारी प्रत्येक बाई त्यांच्या पाया पडत होती. या ताईंच्या आई, असं शेजारणीनं मला सांगितलं. मी पायापासून वर बघत गेले. कपाळ मोकळं होतं. यांच्या नवऱ्याचा फोटो तर ताईंच्या प्रत्येक फलकावर कोपऱ्यात असतो, हार घातलेला. त्या दिवशी दुपारपासून सवाष्णींची रीघ लागली होती, विधवांच्या सन्मानाच्या घोषणा चालल्या होत्या, आणि त्या आईंच्या हातात फक्त गुलाबाचं फूल दिलेलं होतं.

निवेदिकेनं आवाज चढवला. "आणि आता तो ऐतिहासिक क्षण. आपल्या एका कष्टकरी भगिनीला..."

आमची बाई स्टेजवर चढली. धुतलेली, इस्त्री केलेली साडी, डोक्यावरून पदर. काठीवरचा कॅमेरा तिच्या तोंडासमोर येऊन थांबला आणि भिंतीएवढ्या पडद्यावर तिचा चेहरा आला. ताईंनी करंडा उघडला, बोट बुडवलं, आणि कॅमेऱ्याकडे किंचित वळल्या. ते वळणं मला चांगलंच ओळखीचं होतं. मी डोळे मिटायच्या बेतात होते.

बाईनं पदर अजून थोडा पुढे ओढला आणि अगदी साध्या, घरच्या आवाजात म्हणाली, "ताई, आधी तुमच्या मायले लावा."

निवेदिकेचा माइक जवळच होता, त्यामुळे ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

"अं?" ताई म्हणाल्या.

"त्या मोठ्या आहेत. त्या इथं बसल्या असताना मी कशी आधी लावून घेऊ? बरं नाही दिसत."

ताईंचं बोट करंड्यात तसंच. त्यांनी आईकडे पाहिलं. आईंनी मान हलवली. नाही. फार नाही हलवली, एवढीशी, पण तिसऱ्या रांगेतून मला दिसली.

"आईंना स्टेज चढवत नाही," ताई हसून म्हणाल्या. "गुडघे."

"मग मी उतरते न. तिथंच लावा. आधी त्यायले, मग मले."

आणि ती खरंच उतरायला लागली. तिच्या मागे करंडा घेऊन ताई, ताईंच्या मागे निवेदिका. पहिल्या रांगेपर्यंत पोचेपर्यंत आई उठल्या होत्या. गुडघे चांगले होते. एका मुलीचा हात धरून त्या मांडवाबाहेर गाडीकडे निघाल्या, फूल खुर्चीवरच राहिलं. ताईंनी एका माणसाकडे बघून तळहात आडवा केला. काठीवरचा कॅमेरा वर आकाशाकडे गेला. गाणं लागलं. आमच्या बाईला कुणीतरी घाईघाईनं डबा दिला, कुंकवाशिवाय, आणि ती शांतपणे बाजूच्या कनातीतून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाचे व्हिडिओ सगळीकडे आले. संगीत खुर्ची आली, उखाणे आले, डबे आले. ऐतिहासिक क्षण आला नाही.

पण माझ्या नातीच्या मोबाइलमध्ये तो होता, अख्खा. रात्रभर तिला झोप लागली नसावी. सकाळी ती मला पाया-इमला सगळं विसरायला लावील अशा वेगानं सांगायला लागली. आजी, हे केवढं मोठं आहे कळतंय का, त्यांचंच चिन्ह घेऊन तिनं त्यांच्यावर उलटवलं, चर्चासत्रात हे दाखवलं तर सगळे उडतील.

"तिला दाखव आधी," मी म्हटलं.

बाई आल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि ओट्याला टेकून स्वतःला बघितलं. ताईंच्या 'गुडघे'ला ती खुदकन हसली. मग म्हणाली, "पुसून टाक हे."

"अहो पण यात तुम्ही कुंकू लावून घेतलेलंच नाहीये. तुमच्या विहिणीला उलट आवडेल," नात म्हणाली.

"विहिणीले आवडंल. बाकी पाच घरायले नाही आवडणार. एक तर गेलंच." अध्यक्षीणबाईंनी त्या सकाळीच तिला काढलं होतं. पोळ्या जाड होतात म्हणून. इतर पाच घरांनी काढलं नाही, आणि त्यामागे पुरोगामी विचार होता असा माझा गैरसमज नाही. सकाळी सातला येणारी दुसरी कुणी मिळत नव्हती. पाया म्हणतात तो हा असावा.

"लग्न झाल्यावर लिहा," बाई नातीला म्हणाली. "तोंडी सांगते सारं. पण हे पुस."

नातीनं माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. तिनं बोट दाबलं. "गेलं."

"कचऱ्याची पेटी पण रिकामी कर," मी म्हटलं. "मला माहितीये, तिथे महिनाभर राहतं."

"आजी, तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्या वयाच्या मुलीवर नाही. मी एकीला जवळून ओळखते."

तिनं तीही रिकामी केली, दात-ओठ खात. गाईडकडे 'क्षेत्रकार्य अपूर्ण' असं लिहून मुदत वाढवून मागितली. मिळाली. एवढी सहज का मिळाली, पुसायच्या आधी गाईडनं तो पाहिला तर नव्हता, याचाही मला जरा संशय आहे.

नात आत गेल्यावर मी बाईला हळूच विचारलं, "ठरवून केलंस ना? कॅमेरा बंद पडावा म्हणून?"

"काय ठरवून?"

"त्यांच्या आईचं."

"मोठ्या माणसाचा मान ठेवला, आजी. त्यात काय ठरवाचं?" तिचा चेहरा पोळीसारखा सपाट. नात याला प्रतिकार म्हणते, मी डाव म्हणते, आणि ती मान म्हणते. तिघींतलं कुणीतरी खोटं बोलतंय, आणि ती मीही असू शकते. कारण डाव म्हटलं की मला बरं वाटतं. मग मला असं समजता येतं की मावशींकडेही तसा काही डाव होता, आणि त्या नुसत्याच माझ्यापायी बुडाल्या नाहीत.

लग्न उन्हाळ्यात गावाकडे झालं. ती पंधरा दिवसांनी परत आली तेव्हा हात काळवंडले होते आणि आवाज बसला होता. पिशवीतून लाडू काढून तिनं ओट्यावर ठेवले. नात वही घेऊन आधीच बसली होती. आता परवानगी होती.

मुलगी कशी दिसत होती, जेवणात काय होतं, विहीण खरंच कडक होती का, हे सगळं झालं. होती, पण बोलते बरं. मग मी विचारलं, "मुलीला पहिली हळद कुणी लावली?"

"जाऊबाईनं. तिचा नवरा हाये."

"आणि तू?"

"मी मांग होती. चुलीकडं."

"तिथे नाही म्हणालीस, आधी मी, मी आई आहे म्हणून?"

तिनं मेथीची जुडी सोडली आणि पानं खुडायला लागली. नातीचं पेन वहीवर टेकलेलं होतं, चालत नव्हतं.

"म्हणावंसं वाटलं," ती म्हणाली. "पोरगी मागं वळून पायत होती न माह्याकडं. दोनदा पायलं तिनं."

मी अर्धी जुडी माझ्याकडे ओढून घेतली. मेथी निवडून होईपर्यंत नातीनं वही मिटली होती.